चूलबंद आवतण

आप्पांच्या हातचं मी नऊ वर्षं जेवले आणि नऊही वर्षं मला तो माणूस आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं जेवणाचं कौतुक आलं की वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. जेवण उत्तम असायचं, तेच तर दुखणं होतं. चव नसती तर पहिल्याच वेळी हात धुऊन मोकळी झाले असते. पण त्यांच्या काळ्या रश्श्याचा वास जिन्यात आला, की मी, तीस वर्षं शाळेत पोरांना शिस्त लावलेली बाई, ताटं मांडायच्या आधी पाच मिनिटं त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसत असे.

इंदिरानगरात आमची दारं समोरासमोर होती. आम्ही ते घर सोडलं त्याला आता वर्ष होत आलं, पण अजून कुठं खोबरं भाजल्याचा वास आला की मला आप्पा आठवतात आणि तोंडाला पाणी सुटायच्या आत कपाळाला आठी पडते. चांदवडकडचे होते. सरकारी खात्यातून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर काही लोक देवधर्माला लागतात तसे हे पाहुण्यांना लागले. उंच, नाकेले, मिशी व्यवस्थित कातरलेली. पुण्याच्या मुलानं दिलेला एक पांढरा एप्रन होता, तो कडक इस्त्रीचा. आणि नखं. स्वयंपाक करणाऱ्या माणसाची इतकी स्वच्छ नखं मी कुठं पाहिली नाहीत. ना हळदीचा पिवळेपणा, ना कांदा चिरल्याचा काळेपणा.

त्याचं कारण मला पहिल्या महिन्यातच कळलं. आप्पा स्वयंपाक करायचे म्हणजे काय, तर त्यांच्या बायकोनं, विमलवहिनींनी, आदल्या दिवशी लसूण सोलायचा, कांदे आचेवर काळे होईस्तोवर भाजायचे, खोबरं भाजायचं, मसाला वाटायचा, पीठ मळायचं आणि सगळं वाट्यांमधून ओट्यावर ओळीनं मांडून ठेवायचं. मग आप्पा एप्रन बांधून आत येत. तेल सोडत, मसाला परतत, पळीभर रस्सा तळहातावर घेऊन डोळे मिटत, आणि बाहेर येऊन सोफ्यावरच्या मंडळींना सांगत, "मसाला कुणीही वाटेल हो. हात माझा आहे."

जेवणं झाली की त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य यायचं. "विमल, मागचं बघ." मागचं म्हणजे पंचवीस ताटं, पातेली, सांडलेलं, उरलेलं, ओटा, फरशी, सगळंच. आप्पांच्या जगात जेवण पुढं असायचं आणि मागं एक बाई असायची. वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले होते. त्या भिंतीला हात लावत लावत मागचं बघायच्या. आम्ही बायका "काही मदत करू का हो?" असं दारातूनच विचारायचो आणि त्यांनी "नको नको, बसा" म्हटलं की बरं वाटून परत बसायचो.

पाहुण्यांचे आप्पांनी दोन प्रकार पाडले होते. मोठे पाहुणे आणि छोटे पाहुणे. मोठ्यांत जुने साहेब, डॉक्टर, कुणी नगरसेवकाचा मेहुणा, असे. त्यांना मांडे. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते गॅसवर उपडं घालायचं आणि पुरण भरलेली पोळी कोपरापर्यंतच्या हातांवर झेलत झेलत घमेल्याएवढी करून त्यावर टाकायची, असा तो प्रकार. आमच्या बाजूच्या लग्नकार्यांत मांडे करणाऱ्या बायका वेगळ्या बोलावतात, इतकं ते कसबाचं काम. ते अर्थात वहिनी करायच्या. आप्पा वर तूप सोडायचे आणि ताट स्वतः बाहेर आणायचे.

छोट्या पाहुण्यांना शेवभाजी आणि भाकरी. छोटा पाहुणा कोणीही असू शके. कुरिअरवाला, मीटर वाचायला आलेला माणूस, चुकीची बेल वाजवणारा माणूस. एकदा वहिनींच्या मोरीचा पाइप गळत होता म्हणून प्लंबर आला. सकाळचे अकरा वाजले होते. आप्पांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला, त्याला टेबलाशी बसवलं आणि शेवभाजीवर तीन भाकरी खायला घातल्या. तो नको नको म्हणत होता, पण नको म्हणणं हे आप्पांच्या लेखी चांगल्या वळणाचं लक्षण होतं, त्याचा अर्थ आणखी वाढा असा होता. मग त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आज आमच्याकडे छोटे पाहुणे." त्या बिचाऱ्याला इतकी सुस्ती आली की उद्या येतो म्हणून गेला तो चार दिवस उगवला नाही. चार दिवस वहिनी पाइपाखाली बादली ठेवत होत्या आणि भरली की वाकून उचलत होत्या. ग्रुपवर मात्र त्रेचाळीस जणांनी आप्पांना नमस्काराचे हात पाठवले. त्यातले दोन हात आमच्या घरचे.

त्यांच्याकडे नुसतं जेवून सुटका नव्हती, परीक्षा असायची. पहिला घास घेतला की आप्पा समोर उभे राहत. "ओळखा, काय घातलंय?" छान म्हणून चालत नसे. छान काय कुणीही म्हणतं, असं ते म्हणत. आमच्या ह्यांनी एकदा जायफळ म्हणून ठोकून दिलं. होतं दगडफूल. पुढची चाळीस मिनिटं आम्ही दगडफूल या विषयावर ऐकत होतो आणि रश्श्यावर तवंग धरत होता. एका नव्या शेजाऱ्यानं मोठ्या प्रेमानं "अगदी घरच्यासारखं झालंय" म्हटलं. त्याला पुन्हा कधी बोलावणं गेलं नाही.

आणि बोलावणं साधं नसायचंच. आमच्याकडे खेड्यापाड्यांत आवतण दोन तऱ्हांचं असतं. एक घरटी माणूस, म्हणजे घरातल्या एकानं यायचं. दुसरं चूलबंद. अख्ख्या घरानं यायचं आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. पेटवली तर बोलावणाऱ्याचा मान ठेवला नाही असा अर्थ. शहरात हे कुणी पाळत नाही, पण आप्पांना तो शब्द फार आवडायचा. दारात उभे राहून म्हणत, "मॅडम, रविवारी चूलबंद. गॅस पेटता कामा नये."

एका रविवारी माझ्या सासूबाईंना, वय वर्षं पंच्याऐंशी, चहा हवा होता. जेवण दीडला, त्यांना चहा अकराला लागतो. मी आधण ठेवलं आणि आप्पा नेमके खुर्च्या मागायला आले. त्यांनी माझ्या गॅसकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पेटलाच का शेवटी," म्हणाले, आणि खुर्च्या न नेताच परत गेले. पंधरा दिवस जिन्यात भेटले की दुसरीकडे बघत होते. एका कप चहासाठी मी त्यांच्या घराण्याचा अपमान केला होता.

गेल्या वर्षी वहिनींचा भाऊ आला. कळवणजवळच्या गावात त्याची शेती. आयुष्यभर पत्र्याखाली काढून त्यानं नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं. भाऊ आणि भावजय दोघं हळदीकुंकवाची वाटी घेऊन वास्तुशांतीचं आवतण द्यायला आली, तेव्हा मी तिथंच होते. भाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणाला, "दाजी, चूलबंद आवतन शे. समदासनी येवानं."

"येऊ, येऊ," आप्पा म्हणाले. त्यांचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

"येसू रे भाऊ," वहिनी म्हणाल्या. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून मी अहिराणी पहिल्यांदा ऐकली. घरात आप्पांना ती चालत नसे. पाहुण्यांसमोर गावंढळ वाटतं म्हणायचे.

भाऊ गेल्यावर दोन दिवसांनी कळलं की त्याच रविवारी आप्पांचे एक जुने साहेब पुण्याहून सहकुटुंब यायचे आहेत, आणि आप्पांनी त्यांना होकारही देऊन टाकला आहे. शिवाय बिल्डिंगमधले आम्ही. एकूण वीस पानं. वहिनींना त्यांनी सांगितलं, "तू पुढच्या आठवड्यात जाऊन ये. घर काय पळून जातंय?"

रविवारी सकाळी सात वाजता मी दूध घ्यायला दार उघडलं, तर वहिनी जिन्यात उभ्या. अंगावर ठेवणीतली जांभळी साडी, हातात कापडी पिशवी. दारात आप्पा बनियनवर.

"मी जाते," त्या म्हणत होत्या. "तुम्ही नाही आलात तर नका येऊ. मी सांगेन, साहेब यायचे होते. पण गॅस पेटवू नका. पाहुण्यांचं बाहेरून मागवा."

"बाहेरून?" आप्पा म्हणाले.

"तिथं पंगतीत विचारतात, चूल बंद आहे ना म्हणून. मी हो म्हणणार. मला माझ्या भावाच्या दारात खोटं बोलायला लावू नका. एवढं एकच मागते."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. "बरं. शब्द आहे," म्हणाले.

वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही ऐकलंत ना." मी म्हटलं, "ऐकलं. जा तुम्ही निवांत." एक एक पायरी उतरत त्या कळवणच्या एसटीला गेल्या. मला इतका आनंद झाला होता की मी घरात येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. आज त्या माणसाची चांगली जिरणार, असं म्हणाले.

साडेदहाला बेल वाजली. दारात आप्पा. एप्रन बांधलेला, पण इस्त्री नसलेला.

"मॅडम, लय घोळ झालाय," ते म्हणाले. घाबरले की त्यांची चांदवडची भाषा बाहेर यायची. "मला वाटलं, स्टँडवरून माघारी येईल ती. साहेब संगमनेरला चहा घेऊन ऱ्हायले. मटण आणून ठेवलंय. लसूण नाय सोललेला, काहीच नाय केलेलं."

"हॉटेलातून मागवा," मी म्हटलं. "तेच ठरलंय ना तुमचं?"

"साहेब माझ्या हातचं खायला येतायत. तीन वर्षं सांगतोय मी त्यांना." त्यांचे डोळे चक्क भरले होते. बायको गुडघे धरून जिना उतरत असताना ते भरले नव्हते. मी समोरच्या घरात गेले ती त्यांना चार शब्द सुनावायला गेले, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ओट्यावर काहीच नव्हतं. वाट्यांची ओळ नव्हती. एका कोपऱ्यात पिशवीत मटण होतं आणि ह्या थोर बल्लवाला स्वतःच्या घरात किसणी कुठं असते ते माहीत नव्हतं.

"आणि वहिनींना दिलेला शब्द?" मी विचारलं.

तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. खात्यातल्या नोकरीत ज्या डोक्यानं त्यांनी फायली काढल्या असतील ते डोकं चालू झालं. "तो मी मोडत नाही ना," म्हणाले. "चूलबंद कुणाला? घरच्यांना. घरच्या माणसानं चूल पेटवायची नाही. तुम्ही कुठं घरच्या आहात? तुम्ही पेटवली तर ती आमची पेटलीच नाही." आणि ओट्यावरचं लायटर उचलून त्यांनी माझ्यापुढं धरलं.

इतका लबाड विचार मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी हसायला हवं होतं, लायटर त्यांच्या हातात परत कोंबून माझ्या घरी यायला हवं होतं. पण मला वीस पानं दिसायला लागली. संगमनेरहून निघालेली गाडी दिसायला लागली. माणसं दारात येणार आणि घरात काही नाही, हे मला सोसेना. ते आप्पांचं अन्न होतं, आप्पांची लाज होती, माझं त्यात काही जात नव्हतं. तरी मी लायटर घेतलं आणि दोन शेगड्या पेटवल्या.

मग काय विचारता. मी लसूण सोलला. वरच्या मजल्यावरच्या पूनमला हाक मारली, तिनं कांदे भाजले. मी माझा मोठा कुकर आणला, मसाला माझ्या मिक्सरवर वाटला. मांडे रद्द झाले, ह्यांना पिटाळून चपात्या विकत आणवल्या. सगळं झाल्यावर आप्पा तोंड धुऊन आले, मसाला परतला, रस्सा तळहातावर घेऊन डोळे मिटले. शेगडीच्या बटणाला मात्र त्यांनी शेवटपर्यंत बोट लावलं नाही. "आच कमी करा मॅडम," असं मला सांगायचे.

जेवण झकास झालं. साहेबांनी दगडफूल ओळखलं. "मिसेस दिसत नाहीत?" त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "माहेरी गेल्यात. बायकांना कधी माहेर आठवेल, नेम नाही." सगळे हसले. मी वाढत होते, मीही थोडी हसले. जेवणं उरकल्यावर आप्पांनी सवयीनं आतल्या दाराकडे मान वळवली आणि म्हणाले, "मागचं..." पुढं त्यांना नाव सुचेना. तोवर मी उठून ताटं गोळा करायला लागले होते.

वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. भाच्यानं गाडीवरून आणून सोडलं. मी कुकर परत न्यायला गेले होते, तो हातात घेऊन निघतच होते. वहिनींचा चेहरा खुलला होता. एक रात्र माहेरी राहिल्या होत्या, किती वर्षांनी कोण जाणे. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "गॅस पेटवला नाहीत ना?"

"मी? छे," आप्पा म्हणाले. "तुला शब्द दिला होता. तुझी शपथ, मी बटणाला हात लावला नाही. विचार मॅडमना." आणि इतक्या खुशीत माझ्याकडे बघितलं की जणू आता मीही त्यांची पाठ थोपटणार आहे.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या कुकरकडे.

"मी पेटवला, वहिनी," मी म्हटलं.

त्या खुर्चीवर बसल्या आणि पाय हळूहळू लांब केला. "काल पंगतीत भावानं विचारलं," त्या म्हणाल्या. "चूल बंद शे ना ताई? मी म्हटलं, बंद शे. सगळं गाव बसलं होतं."

"मग बरोबरच आहे की," आप्पा म्हणाले. "आपण कुठं पेटवली?"

त्यांच्याकडे वहिनींनी बघितलंही नाही. "बाई, तुम्ही तर जिन्यात ऐकलं होतं," त्या मला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होत्या.

"हो, ऐकलं होतं," मी म्हटलं. साहेब संगमनेरला होते, हे काय सांगणार होते?

त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेले मांडे काढले. घडी घातलेले, मऊ, गुळाचा वास येणारे. दोन उचलून त्यांनी माझ्या रिकाम्या कुकरमध्ये ठेवले. "भावजयीनं तुमच्यासाठी दिलेत. तिला सांगितलं मी, माझ्या शेजारच्या बाईंनी मला जा म्हटलं म्हणून आले."

आप्पांनी उभ्यानंच फडक्यातला एक मांडा काढला, तुकडा तोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि सावकाश चघळत म्हणाले, "तूप कमी पडलंय."

नऊ वर्षांत मला त्या माणसाचा एवढा संताप कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा तरी माझ्यावरचा होता. घरी आले, कुकर उघडला, एक मांडा ह्यांना दिला आणि एक ओट्यापाशी उभ्यानं मीच खाल्ला. तूप भरपूर होतं.